बढतीची वाट

याकोब व योहान या जब्दीच्या पुत्रांनी प्रभू येशूजवळ धन मागितले नाही. त्यांनी मागितले ते त्याच्या गौरवातील उजवीकडचे व डावीकडचे आसन. संत मार्कच्या शुभवर्तमानात हा प्रसंग आहे. बाकीचे दहा जण त्यांच्यावर रागावले. तीच आशा त्यांच्याही मनात असावी.

शिरूर-दौंड भागातील आम्हा ख्रिस्ती कुटुंबांना ही आशा परकी नाही. आमची मुले दौंडच्या रेल्वेत आहेत, राज्य राखीव पोलीस दलात आहेत. मुलगा सुटीवर आला की चहाचा कप हाती देतानाच आम्ही विचारतो, 'बढतीचे काय झाले?' ही इच्छा पाप नव्हे. पण तिच्यापायी माणूस कुठवर जाऊ शकतो, हे आमच्याच मुलखाच्या इतिहासाने दाखविले आहे.

एप्रिल 1801 मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले आणि मराठ्यांची भाऊबंदकी पेटली. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांची फौज एका बाजूस व पेशवे-शिंद्यांची फौज दुसऱ्या बाजूस उभी ठाकली. दोन्हीकडच्या कवायती पलटणींवर हुकूम देणारे अधिकारी गोऱ्या वंशाचे किंवा मिश्र कुळाचे होते. ते आपखुशीने आलेले होते. ज्यांचे आईवडील दोघेही युरोपीय नव्हते, अशांना इंग्रज कंपनीने 1791 व 1795 च्या हुकमांनी लढाऊ अधिकारपदे बंद केली होती. त्यांच्यासाठी ताशेवाला, बासरीवाला वा नालबंद एवढीच कामे उरली. व्हिकर्स हा असाच मिश्र कुळातला. कंपनीत मिळाली नसती ती बढती होळकरांच्या पदरी मिळाली.

त्या दिवशी शिंद्यांकडचा डॉज पडला, होळकरांकडचा हार्डिंग पडला आणि व्हिकर्सच्या पलटणींनी विजयात मोठा वाटा उचलला. पण दीड वर्षाच्या आतच, 1804 साली, इंग्रजांशी युद्धाचा प्रसंग आला. स्वकीयांवर शस्त्र धरण्यास व्हिकर्स तयार झाला नाही, आणि ज्या धन्याने त्याला पद दिले होते त्यानेच त्याचा शिरच्छेद करविला. पद गेले, प्राण गेला. एक नकार तेवढा त्याच्या नावावर राहिला. त्याच्या साऱ्या चाकरीत आम्हांला थोर वाटतो तो हा नकारच.

हडपसरच्या पराभवानंतर बाजीराव पळाले आणि 31 डिसेंबर 1802 रोजी वसईचा तह झाला. या तहाने आलेल्या इंग्रजी फौजेची छावणी पुढे आमच्या शिरूरला, घोडनदीकाठी पडली. 1804 साली चांदवडचा किल्ला घेणारे कर्नल वॉलेस याच फौजेचे सेनापती. 1809 मध्ये ते शिरूरलाच वारले. 1885 साली छापलेल्या पुणे जिल्हा गॅझेटियरात एक नवल नोंदले आहे. शिरूरचे लोक वॉलेस यांना 'सत्पुरुष' म्हणत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्यांच्या थडग्यावर आणीत. त्या प्रथेचा धर्मविचार येथे नको. मात्र परक्या सत्तेच्या सेनापतीला गावाने कर्नल म्हणून नव्हे, सत्पुरुष म्हणून जपले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गावाने दिलेली ही पदवी कोणत्याही सरकारी हुकमात नव्हती.

आणखी एक नाव आम्हांला जवळचे आहे. पेशव्यांच्या फौजेतील पोर्तुगीज अधिकारी दों मिगेल द नोरोन्या. 1792 साली सवाई माधवरावांनी त्यांना पुण्यात चर्चसाठी जमीन दिली. नाना पेठेतील सिटी चर्च तिथलेच. नोरोन्यांना किती वेळा बढती मिळाली, हे कुणी विचारीत नाही. मिस्सा मात्र तेथे आजही होते.

प्रभूने त्या दोन शिष्यांना झिडकारले नाही. मोठे व्हावयाचे असेल तर सर्वांचे सेवक व्हा, एवढेच त्याने सांगितले. म्हणून आमची मुले गणवेशात घरी येतील तेव्हा बढतीबरोबर आणखी एक प्रश्न आम्ही विचारावा: 'तुझ्या हाताखालची माणसे सुखी आहेत का?' आणि एखाद्या दिवशी वरिष्ठाच्या अन्यायी हुकमाला नाही म्हणण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला, तर त्यांची बढती हुकली म्हणून आम्ही उसासे टाकू नयेत. त्या रात्री त्यांच्या ताटात गरम भाकर वाढावी आणि कुटुंबाच्या प्रार्थनेत त्यांचे नाव घेऊन देवाचे आभार मानावेत.