मालकी कुठून सुरू होते?

वस्तूचे पैसे चुकते केले की ती आपली झाली, ही मालकीविषयीची आपली साधी समजूत. घर घेताना मात्र आपण एवढ्यावर थांबत नाही. जमिनीचा उतारा पाहतो, महापालिकेची परवानगी पाहतो. 'अनधिकृत' हा शब्द कल्याण-डोंबिवलीकरांच्या कानांना इतका सरावाचा आहे, की तो इमारतीखेरीज अन्य कशाला लावला जाईल असे वाटत नाही. प्रस्तुत लेखकाला तो एका लॅपटॉपच्या पडद्यावर भेटला.

भाचीला कॉलेजच्या लेखन-वाचनापुरता लॅपटॉप हवा होता. 2008 सालचा एक भक्कम, काळा लॅपटॉप जुन्या बाजारातून मिळाला. त्याचे वायफायचे कार्ड निकामी होते, म्हणून दुसरे आणून बसवले. यंत्र सुरू केले, तर कोणतीही कार्यप्रणाली यायच्या आतच सूचना उमटली : हे कार्ड अनधिकृत आहे, काढून टाका. कार्डात काहीही दोष नव्हता. निर्मात्याने आपल्या पसंतीच्या कार्डांची यादी यंत्राच्या फर्मवेअरमध्येच कोरून ठेवली होती आणि आमचे कार्ड त्या यादीत नव्हते, इतकेच. निर्मात्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही. ही पद्धत त्या काळी एकापेक्षा अधिक कंपन्यांची होती.

फर्मवेअर म्हणजे काय, हे कल्याणच्या माणसाला समजावणे फारसे कठीण नाही. मुंबईहून आलेली गाडी इथून कसाऱ्याकडे वळणार की कर्जतकडे, हे रुळांच्या सांध्यांवर ठरते. डब्यात बसलेल्या प्रवाशाला त्याचा पत्ताही नसतो. संगणकाचेही तसेच. कळ दाबताच प्रोसेसर एका लहानशा चिपवरील पहिली आज्ञा वाचतो. त्या क्षणी त्याची मुख्य स्मृतीदेखील वापरण्याजोगी झालेली नसते. ती सज्ज करणे, भाग तपासणे आणि मग सूत्रे कार्यप्रणालीकडे सोपवणे, हे फर्मवेअरचे काम. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली आपण हौसेने बसवतो, पण तिच्या आधी धावणारा हा कार्यक्रम बहुधा बंदिस्तच असतो. तो वाचता येत नाही, म्हणून बदलताही येत नाही.

या बंदिस्तपणाला पर्याय शोधला गेला तो अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत, 1999 साली. रॉन मिनिक यांनी तिथे 'लिनक्सबायॉस' हा प्रकल्प सुरू केला. प्रेरणा तत्त्वज्ञानाची कमी आणि सोयीची अधिक होती : एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांपैकी प्रत्येकाला कळफलक आणि पडदा लावून दुरुस्त करणे अशक्य होते. 2008 साली या प्रकल्पाचे नाव 'कोअरबूट' झाले. पुढे गूगलच्या क्रोमबुकांत तोच वापरला गेला. त्याचीच अधिक कडक तत्त्वांची शाखा म्हणजे 2013 मध्ये निघालेला 'लिब्रेबूट'.

आम्ही तोच निवडला. बॅटरी काढली, तळहात टेकतो त्या पट्टीखालची सोळा पायांची चिप शोधली, तिला चिमटा लावला आणि तारा रास्पबेरी पायला जोडल्या. 'फ्लॅशरॉम'ने जुना मजकूर तीनदा वाचून घेतला. तिन्ही प्रती तंतोतंत जुळल्यावर एक जपून ठेवली. यंत्राचा नेटवर्कमधला स्वतःचा पत्ता त्याच चिपवर असतो, तो नव्या प्रतीत उतरवला. मग नवे फर्मवेअर लिहिले. कार्ड निमूटपणे चालू लागले. डेबियन बसवताना भाषांच्या यादीतून भाचीने मराठी निवडली आणि विचारले, "मामा, आता हा खरंच माझा झाला का?"

प्रामाणिक उत्तर 'पूर्ण नाही' असे होते. कळफलक आणि बॅटरी सांभाळणाऱ्या चिपचा कार्यक्रम अजून बंदिस्तच आहे. हार्डडिस्कचाही आहे.

याच कल्याणहून फुटणाऱ्या कर्जतच्या मार्गावर या प्रश्नाचे दुसरे एक उत्तर सापडते. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाला भारताच्या शिक्षण खात्याने 2006 साली नकार दिला होता. तरीही 2007 मध्ये कर्जतजवळच्या खैराटच्या शाळेत ती हिरवी-पांढरी यंत्रे प्रयोगादाखल आली. त्यांचे फर्मवेअर मुक्त होते, मिच ब्रॅडली यांचे 'ओपन फर्मवेअर'. मात्र चोरीच्या भयाने यंत्रांना कुलूप घालण्याचीही सोय त्यात होती. ते कुलूप उघडायचे, तर 'विकासकाची किल्ली' मागावी लागे. मुक्तता आणि कुलूप एकाच चिपवर नांदू शकतात. पण तिथे निदान किल्ली मागण्याचा मार्ग तरी ठेवलेला होता.

आजच्या अनेक नव्या यंत्रांत तोही नाही. 2013 नंतरच्या इंटेलच्या 'बूट गार्ड' या व्यवस्थेत निर्मात्याची खूण चिपमध्ये कायमची जाळून ठेवता येते. तसे केलेले असेल तर त्याच्या सहीविना कोणतेही फर्मवेअर चालत नाही. यामागचे सुरक्षेचे कारण खोटे नाही, कारण फर्मवेअरमध्ये शिरलेला घातक कार्यक्रम कार्यप्रणाली पुन्हा बसवूनही जात नाही. प्रश्न कुलपाचा नाहीच. घराला कुलूप आपणही लावतो, परंतु त्याची किल्ली बांधकाम करणाऱ्याकडे राहू देत नाही. सही तपासली जावी, पण कोणाची सही मानायची हे ठरवण्याची मुभा विकत घेणाऱ्याला असावी, एवढीच मागणी आहे. ती मान्य होत नाही तोवर सोळा-सतरा वर्षांचे जुने यंत्र नव्यापेक्षा अधिक 'आपले' राहील, आणि ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. जुनी यंत्रे संपणारी आहेत.