पोर्ट ऑफ स्पेनहून टोबॅगोला

त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन हे गजबजलेले बंदर. क्वीन स्ट्रीटवरच्या जामा मस्जिदीत आम्ही जोहरची नमाज अदा केली. बाहेर गाडीवर ‘डबल्स’ घेतले. दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांमध्ये छोले! चव ओळखीची वाटली, त्याला कारण आहे. ३० मे १८४५ रोजी ‘फतेह अल रझाक’ हे जहाज कोलकात्याहून तीन महिन्यांहून अधिक प्रवास करून मजुरांना घेऊन इथे पोहोचले. १९१७ पर्यंत असे सुमारे १ लाख ४० हजार लोक उसाच्या मळ्यांसाठी आणले गेले. त्यांत मुसलमानही होते.

टोबॅगोच्या फेरीला साधारण चार तास लागतात. पारियाचे आखात शांत होते, पण ‘ड्रॅगनचे तोंड’ नावाची सामुद्रधुनी ओलांडताच बोट हेलकावू लागली. शेजारी एक वयस्कर बाई नातवंडांसह बसल्या होत्या. आम्ही सलाम केला, त्यांनी जवाब दिला. पुढे उर्दूत विचारले, तर त्यांना एक शब्द कळेना. ईदला काय करता, असे इंग्रजीत विचारले, तेव्हा चटकन म्हणाल्या, “सवाईन!” म्हणजे आपल्या शेवया. नातवंडे त्यांना नानीच म्हणत होती.

घरात बोलणे थांबले की काही पिढ्यांत जबान जाते. चुलीजवळचे, नात्यातले आणि दीनचे शब्द तेवढे तग धरतात. आपल्या घरांतही मुले आता इंग्रजीतच उत्तर देतात.

टोबॅगोचे स्कारबरो बंदर दिसू लागले, तेव्हा नानी आमच्या मुलीला म्हणाल्या, “तुझ्या भाषेत आणखी थोडे बोल, मला ऐकायचे आहे.”