आकडा बरोबर आहे, पण कधीचा?

अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की आपल्याकडे पाच मिनिटांत दोन तट पडतात. एकीकडून चेर्नोबिल आणि फुकुशिमा, दुसरीकडून वीज, विकास आणि नोकऱ्या. जैतापूरच्या निमित्ताने कोकणातल्या सभांमध्ये हे इतक्या वेळा ऐकलंय की वक्ता उभा राहिला की पुढची चार वाक्यं आपणच म्हणून टाकावीत. या सगळ्यात एक साधा प्रश्न मी कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. भट्टीतून बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान कंट्रोल रूममध्ये दिसतं, तो आकडा आत्ताचा असतो की मघाचा?

मघाचा असतो. कायम. किती मघाचा, यावर बरंच काही अवलंबून आहे. थोडं सविस्तर सांगतो.

घरात पोराला ताप आला की काखेत पाऱ्याचा थर्मामीटर लावायचो, आठवतंय ना? डॉक्टर सांगायचे, तीन-चार मिनिटं राहू द्या. दहा सेकंदांत काढला तर अंगात सणसणीत ताप असूनही आकडा कमी दिसायचा. थर्मामीटर बिघडलेला नसायचा. काच तापायला आणि मग पारा तापायला वेळ लागतो, एवढंच. तो वेळ मिळाला नाही तर चांगला थर्मामीटरही चुकीचं सांगतो.

अणुभट्टीत हेच होतं. जगातल्या बहुसंख्य अणुवीज भट्ट्या दाबाखालच्या पाण्यावर चालतात. त्यातलं पाणी ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि ते उकळू नये म्हणून वातावरणाच्या साधारण दीडशे पट दाबाखाली ठेवलेलं असतं. त्याचं तापमान मोजायला प्लॅटिनमची बारीक तार वापरतात. प्लॅटिनम तापलं की त्याचा विद्युतरोध वाढतो, आणि रोध मोजला की तापमान कळतं. या सेन्सरला आरटीडी म्हणतात. अचूकतेच्या बाबतीत एकदम भरवशाचा गडी.

पण एवढ्या दाबाच्या पाण्यात सेन्सर थेट बुडवला तर तो बदलायच्या वेळी पाण्याची सगळी व्यवस्था थंड करून, दाब उतरवून उघडावी लागते. म्हणून बहुतेक ठिकाणी पाइपमध्ये बंद टोकाची एक जाड धातूची नळी कायमची बसवतात आणि सेन्सर त्या नळीच्या आत सरकवतात. या नळीला थर्मोवेल म्हणतात. सोय झाली, पण उष्णतेचा रस्ता लांबला. पाण्यातून नळीच्या भिंतीत, तिथून आतल्या हवेच्या फटीत, मग सेन्सरच्या आवरणात आणि शेवटी तारेत. यात सगळ्यात वाईट टप्पा हवेच्या फटीचा. धातूच्या मानाने हवा उष्णता फारच हळू पोचवते, त्यामुळे केसाएवढी फट वाढली तरी सेन्सर सुस्त होतो.

ही सुस्ती मोजायचं एक माप आहे. तापमान एकदम बदललं, तर त्या बदलाचा ६३ टक्के भाग दाखवायला सेन्सरला जेवढा वेळ लागतो त्याला इंजिनिअर मंडळी टाइम कॉन्स्टंट म्हणतात. थेट पाण्यात असलेल्या आरटीडीला साधारण १ ते ३ सेकंद लागतात, थर्मोवेलमधल्याला ४ ते ८.

‘पाच-सात सेकंदांनी काय फरक पडतो?’ असं कुणी म्हणेल. हिशेब करू. समजा पाणी दर सेकंदाला १ अंशाने तापत चाललंय आणि सेन्सरचा टाइम कॉन्स्टंट ५ सेकंद आहे. तर सुरुवातीचा काही वेळ गेल्यावर पडदा खऱ्या तापमानाच्या कायम ५ अंश मागे चालतो. सेन्सर आणखी सुस्तावून १० सेकंदांवर गेला, तर १० अंश मागे. आणि भट्टी आपोआप बंद करणारी यंत्रणा या आकड्याकडेच बघत असते. न्यूट्रॉन मोजणारी आणि दाब मोजणारी उपकरणं यापेक्षा कितीतरी चपळ असतात आणि तीही भट्टी बंद करू शकतात, हे सांगायलाच हवं. पण काही प्रकारच्या बिघाडांत तापमानाचाच आधार असतो. दाबाच्या पाण्याच्या भट्टीत नियंत्रक दांडे सुटले की दोन-तीन सेकंदांत खाली पडतात. म्हणजे दांडे पडायला लागतो त्याहून जास्त वेळ ‘पाणी तापलंय’ हे कळण्यातच जाऊ शकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. भट्टी एकसारखी चालू असताना सुस्त सेन्सर आणि चपळ सेन्सर अगदी तोच आकडा दाखवतात. चार सेन्सर शेजारी ठेवून तुलना केली तरी चौघांचं एकमत. फरक उघडा पडतो तो तापमान झपाट्याने बदलायला लागल्यावर, म्हणजे नेमका ज्या क्षणासाठी सेन्सर बसवलाय त्या क्षणी. रोजच्या नोंदवहीत हा दोष दिसतच नाही. एकापेक्षा जास्त सेन्सर आहेत म्हणून निश्चिंत राहावं, तर सगळे एकाच पद्धतीने चुकीचे बसवले असतील तर सगळे एकदमच उशीर करणार.

मग तपासायचं कसं? कारखान्यात सेन्सर वाहत्या गरम पाण्यात बुडवून टाइम कॉन्स्टंट काढता येतो. पण तो आकडा तिथलाच. प्रत्यक्ष प्रकल्पात पाण्याचा वेग वेगळा, तापमान वेगळं, दाब वेगळा आणि मुख्य म्हणजे नळीत सेन्सर कसा बसलाय ते वेगळं. चालू भट्टीतलं पाणी चाचणीसाठी मुद्दाम तापवता-निववता येत नाही.

यावर १९७० च्या दशकात अमेरिकेत ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि टेनेसी विद्यापीठात तोडगा निघाला. पाणी तापवता येत नाही ना, मग सेन्सरच तापवा. एरवी आरटीडीतून १ मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो. चाचणीत तो एकदम ३० ते ५० मिलिअँपिअर करतात. तार स्वतःच्या करंटने काही अंश गरम होते आणि ती उष्णता बाहेरच्या पाण्याकडे जाऊ लागते. उष्णतेला बाहेर जायला जो अडथळा होतो तोच आत यायलाही होतो. म्हणून तार कशी तापली याचा आलेख काढून, गणिताने, बाहेरचं पाणी तापलं असतं तर सेन्सरने किती वेळ घेतला असता हे काढता येतं. तेही भट्टी पूर्ण क्षमतेने चालू असताना, दूरच्या कपाटातल्या वायरींवरून, पाइपला हात न लावता. पुढे अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानेही ही पद्धत मान्य केली.

अशा चाचण्यांत सुस्तीची जी कारणं सापडतात ती बघितली तर आपल्या गावातल्या कुठल्याही मेकॅनिकला ओळखीची वाटतील. सेन्सर नळीच्या तळापर्यंत सरकवलेलाच नाही. नळीत कचरा किंवा धातूचा कीस राहिला. उष्णता नीट पोचावी म्हणून भरलेला लेप वाळून गेला. देखभालीच्या वेळी एका नळीतला सेन्सर दुसऱ्या नळीत गेला आणि जोडी जमेना. उपायही तसेच. नळी साफ करा, सेन्सर पुन्हा नीट बसवा, त्याचं टोक नळीशी घट्ट जुळेल असं घ्या, आणि पुन्हा मोजा.

दुसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक्सचा. सेन्सर ३०० दाखवतोय, आकडा सेकंदाला १ अंशाने चढतोय आणि टाइम कॉन्स्टंट ५ सेकंद ठाऊक आहे, तर खरं तापमान ३०५ असणार. वाढीचा वेग गुणिले टाइम कॉन्स्टंट, हे मिळवलं की मघाचा आकडा जवळपास आत्ताचा होतो. अनेक भट्ट्यांच्या संरक्षण यंत्रणेत अशी भरपाई असते. पण ही फुकट मिळत नाही. सिग्नलमधली बारीक थरथरसुद्धा ती मोठी करते आणि विनाकारण भट्टी बंद पडू शकते. थरथर कमी करायला फिल्टर लावला तर तो पुन्हा उशीर करतो. आणि खरी गोम अशी की ही भरपाई कागदावरच्या टाइम कॉन्स्टंटवर चालते. सेन्सर ५ वरून ९ सेकंदांवर गेला आणि गणितात ५ च राहिले, तर दुरुस्तीही चुकली आणि चुकली हे कळायलाही मार्ग नाही. म्हणजे फिरून गाडी तिथेच येते. जागेवर जाऊन मोजा.

हे सगळं इथे का लिहितोय? तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. राजापूर तालुक्यात जैतापूरला प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत आणि त्या दाबाखालच्या पाण्याच्याच प्रकारच्या आहेत. प्रकल्प हवा की नको, यावर तुमचं-माझं मत काहीही असो. तो उभा राहिला तर त्याच्याजवळ राहणार आपणच. ‘सुरक्षित आहे’ आणि ‘सुरक्षित नाही’ ही दोन्ही वाक्यं भाषणाची आहेत, त्यांना उलटतपासणी नसते. उलटतपासणी प्रश्नांची होते.

म्हणून पुढच्या सभेत, जनसुनावणीत किंवा माहितीच्या अधिकाराच्या अर्जात हे प्रश्न विचारा. तापमानाच्या सेन्सरचा टाइम कॉन्स्टंट जागेवर मोजणार का? किती काळाने? सुरक्षेच्या हिशेबात किती सेकंद धरलेत आणि मोजल्यावर किती निघाले? जास्त निघाले तर भट्टी बंद करण्याची मर्यादा खाली आणणार की फक्त नोंद करून फाइल पुढे सरकवणार? अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे, ते याच कामासाठी. सुरक्षेच्या कारणाने काही गोष्टी उघड होणार नाहीत, हे मान्य. पण ‘मोजता का?’ याला हो किंवा नाही म्हणायला कुठलंही गुपित फुटत नाही.

समर्थकांनी विचारला तर प्रकल्पाचं भलंच होईल. विरोधकांनी विचारला तर समोरच्याला ‘भावनिक आहात’ म्हणून उडवून लावता येणार नाही. आणि उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा, छापायची जबाबदारी माझी.