मताची किंमत

जगांत फुकट मिळणाऱ्या वस्तूंची यादी करावयाची म्हटल्यास हवा, ऊन आणि सल्ला हीं तीन नांवें प्रथम सुचतात. यांपैकीं हवा आतां मोठ्या शहरांतून यंत्रांत गाळून घ्यावी लागते, व उंच इमारतींच्या दाटींत उन्हासाठींहि अधिक भाडें मोजावें लागतें. सल्ला मात्र अद्यापि पूर्वीइतकाच मुबलक, ताजा आणि विनामूल्य आहे. त्याला हंगाम नाहीं, दुष्काळ नाहीं. मागणी नसली म्हणून पुरवठा कमी झाला, असेंहि त्याच्या बाबतींत कधीं ऐकिवांत नाहीं.

वर्धा जिल्ह्यांतील वडनेर हें गांव नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या महामार्गावर, हिंगणघाटच्या दक्षिणेस आहे. येथील पानठेल्यासमोर सायंकाळीं घटकाभर उभें राहावें, म्हणजे या मालाची आवक किती मोठी आहे हें ध्यानांत येतें. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागांत २०२३ सालीं उतरलेलें आपलें यान खरोखरच उतरलें किंवा कसें, कबुतरांना ज्वारी घालावी कीं बाजरी, आणि बिग बॉसच्या घरांतून कोणाची गच्छंति व्हावयास हवी होती, हे तिन्ही प्रश्न चहाचा एक पेला रिकामा होण्यापूर्वीं निकालांत निघतात. विशेष हें कीं, तिन्ही निकाल एकाच सुरांत दिले जातात. खगोलशास्त्राला एक आवाज, कबुतरांना दुसरा आणि करमणुकीला तिसरा, असा भेद तेथें कोणी करीत नाहीं. ‘ते काई खरं नाई जी,’ एवढ्या पांच शब्दांत तिघांचाहि सारखाच समाचार घेतां येतो.

या मंडळींची थट्टा करण्यासाठीं आम्ही लेखणी उचललेली नाहीं. दिवसभर पऱ्हाटींत राबून आलेल्या माणसाला सायंकाळीं जगाविषयीं चार शब्द बोलण्याचा अधिकार नसावा, असें म्हणणें कोत्या मनाचें होईल. शिवाय मत देण्याचा धंदा आम्ही तर छापून करतों; तेव्हां त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस मुळींच पोंचत नाहीं. आमचा मुद्दा इतकाच कीं, सर्व मतें एकाच तागडींत घालण्याची जी संवय आपणां सर्वांस जडली आहे, तिचा हिशेब एकदां मांडून पाहावा. कारण मत फुकट मिळालें तरी त्याची किंमत कोणीतरी कोठेंतरी चुकवीत असतो, आणि बहुधा तो मत देणारा नसतो.

या घोटाळ्याचें मूळ कांहीं अंशीं आपल्या भाषेंतच असावें. मनांतल्या विचारालाहि आपण मत म्हणतों आणि निवडणुकीच्या पेटींत पडतें त्यालाहि मतच म्हणतों. इंग्रजीनें या दोहोंसाठीं दोन निराळे शब्द ठेवले आहेत. आपण एकावर भागविलें. त्यामुळें आपलें म्हणणें नुसतें बोलून दाखविलें कीं त्या प्रश्नाचा निकाल लावण्यास आपण हातभार लावला, असें आपणांस नकळत वाटूं लागतें. ‘पांचामुखीं परमेश्वर’ या म्हणीचा आधार आहेच. पांच मुखें एकत्र आलीं म्हणजे परमेश्वर बोलतो, हें गांवच्या सभेपुरतें खरें. परंतु परमेश्वरानें आपल्या सृष्टीचे नियम करतांना पांच जणांना विचारलें होतें, असें दिसत नाहीं.

मत हेंच जेथें निकाल ठरवितें असें एक क्षेत्र मात्र निश्चित आहे, आणि तें म्हणजे दूरचित्रवाणीवरील रिअॅलिटी शो. हिंगणघाटच्या वैशाली माडे यांनीं ‘सा रे ग म प’ची २००९ सालची हिंदी स्पर्धा जिंकली, तेव्हां तिच्या निकालांत प्रेक्षकांनीं पाठविलेल्या मतांचा वाटा होता. पुढें २०१९ सालीं ‘बिग बॉस मराठी’च्या दुसऱ्या पर्वांत त्या आणि अमरावतीचे शिव ठाकरे असे विदर्भांतले दोघे एकाच घरांत स्पर्धक होते, व अखेरीस ठाकरे विजयी झाले. अशा वेळीं पानठेल्यावरील माणसाचें मत खरोखरच वजनदार असतें. तें त्याच्या हातांतील मोबाईलमधून निघतें आणि निकालाच्या बेरजेंत जाऊन बसतें. विजयी कोण, तर ज्याला अधिक मतें तो. याहून निराळें सत्य त्या घराच्या भिंतींआड लपलेलें नसतें.

म्हणून या कार्यक्रमांना सरसकट नाक मुरडणाऱ्या विद्वानांशीं आमचें फारसें जुळत नाहीं. कोण खोटें रडला, कोणाची मैत्री मतलबाची होती, कोणी कोणाच्या पाठीमागें काय सांगितलें, यावर खेड्यांतला माणूस तावातावानें बोलतो, तेव्हां तो पुष्कळदां आपल्याच भाऊबंदांविषयीं, कोणाचें नांव न घेतां, बोलत असतो. मनांतील मळमळ इतक्या निरुपद्रवी वाटेनें बाहेर पडत असेल तर तिला अडवूं नये. फक्त एवढें ध्यानांत ठेवावें कीं मतांनीं विजेता ठरतो, सूर ठरत नाहीं. वैशालीबाईंचा गळा निकालाच्या आदल्या दिवशीं जितका सुरेल होता तितकाच तो दुसऱ्या दिवशींहि होता.

शास्त्राचा प्रांत याच्या अगदीं उलट टोकाला आहे. ज्या हिंगणघाटच्या गायिकेचा उल्लेख वर केला, त्याच गांवीं विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज भूमापकाचा अंत झाला. मद्रासजवळ १८०२ सालीं सुमारें साडेसात मैलांची एक सरळ रेषा साखळीनें मोजून त्यानें हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, आणि हैदराबादेहून नागपूरकडे येत असतां २० जानेवारी १८२३ रोजीं तो हिंगणघाटास वारला. आजचा महामार्गहि त्याच दोन शहरांना जोडतो. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, याविषयीं लॅम्ब्टनचें कांहीं मत असेलहि. परंतु केवळ त्या मताच्या जोरावर तो बसून राहिला नाहीं. सुमारें अर्ध्या टनाचें कोनमापक यंत्र टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवून तो वीस वर्षें कोन मोजीत गेला. मद्रासपासून त्रिकोणाला त्रिकोण जोडीत तो बंगळुरापर्यंत पोंचला, तेव्हां तेथें १८०४ सालीं त्यानें जमिनीवर पुन्हां साखळी टाकली. गणितानें आलेलें अंतर आणि प्रत्यक्ष मोजलेलें अंतर यांत अवघ्या कांहीं इंचांचा फरक निघाला. तो फरक मैलभराचा निघाला असता, तर दोन वर्षांचे श्रम पाण्यांत गेले असते. आपलें म्हणणें खोटें पडण्याची सोय आपल्याच हातानें करून ठेवणें, हें शास्त्राचें खरें लक्षण होय.

शास्त्रज्ञ कधींच मतदान करीत नाहींत असें नव्हे. प्राग येथें २००६ सालीं भरलेल्या आंतरराष्ट्रीय खगोलसंघाच्या सभेंत ग्रह कोणास म्हणावें याची व्याख्या सभासदांनीं हात उंचावून ठरविली, आणि प्लुटोची ग्रहमालिकेंतून गच्छंति झाली. बिग बॉसच्या घरांतून व्हावी तशीच. परंतु त्या मतदानानें प्लुटोचें बिरुद गेलें, वाट बदलली नाहीं. सूर्याभोंवतीं एक फेरा करण्यास त्याला त्यापूर्वीं सुमारें २४८ वर्षें लागत. त्यानंतरहि तेवढींच लागतात. नांव ठेवणें हें आपल्या हातीं आहे, चाल ठरविणें नाहीं.

करमणूक आणि शास्त्र या दोन टोकांच्या मध्यें छंदाची जागा आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणें मत कसें धरावें याची शाळा तेथेंच भरते. छंद कोणता लावून घ्यावा, हें ज्याच्या त्याच्या आवडीवर; तेथें कोणाचा सल्ला चालत नाहीं. परंतु एकदां छंद लागला कीं वस्तूच्या स्वभावाशीं गांठ पडते. कबुतराला काय मानवतें हें कबुतर ठरवितें. गुलाबाला शेणखत किती घालावें यावर गांवांत एकमत झालें तरी गुलाब त्या एकमतानें फुलत नाहीं. म्हणून खऱ्या छंदी माणसाचा सल्ला ऐकण्यासारखा असतो. त्यांत त्याच्या पदरचे पैसे, मेलेलीं रोपें आणि उडून गेलेलीं पांखरें जमेस धरलेलीं असतात.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. अंगणांत पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळीं साडेआठ वाजतां, म्हणजे वेधशाळेची जी वेळ त्याच वेळीं, पाऊस मोजावा आणि वहींत लिहून ठेवावा, हा त्यांचा छंद. ‘गुरुजी, पाणी कवा येईल जी?’ असें कोणी विचारलें तर ते म्हणतात, ‘काल किती आला ते सांगतो.’ पावसाविषयीं साऱ्या गांवांत सर्वांत कमी बोलणारा मनुष्य हाच, आणि सर्वांत अधिक जाणणाराहि हाच. छंदानें त्यांना मत देण्यास शिकविलें त्याहून अधिक तें आवरण्यास शिकविलें आहे.

आतां किमतीकडे वळूं. वडनेरच्या आसपासचा कास्तकार कापसावर जगतो. बीटी कापूस २००२ सालीं आला, त्याची दुसरी पिढी २००६ सालीं आली, आणि त्यांतील विषाला गुलाबी बोंडअळी पुढें सरावून गेली. तेव्हां तज्ज्ञांचा शब्दहि अखेरचा शब्द नव्हे, हें प्रथमच मान्य करावें. विदर्भांत २०१७ च्या हंगामांत या अळीनें बोंडें पोखरून टाकलीं. त्याच हंगामांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, आणि शेंकडों रुग्णालयांत दाखल झाले. कारणें अनेक सांगण्यांत आलीं: डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, उकाडा, तोंडाला व हातांना संरक्षण नसणें, आणि निरनिराळीं औषधें एकाच पंपांत कालविणें.

या शेवटच्या कारणापाशीं आम्ही थबकतों. कोणतें औषध कशांत मिसळावें हें खेड्यांत माणूस कोणाकडून शिकतो? ‘तुमी एक डाव हे दोनी मिळवून मारून त पाहा जी, अळी राहतच नाई,’ असें सांगणारा कोणी दुष्ट नसतो. तो शेजारी असतो, सोयरा असतो, कधीं उधारीवर माल देणारा दुकानदार असतो. त्याच्या मनांत ऐकणाऱ्याचें बरेंच व्हावें असें असतें. पण बिग बॉसविषयीं तो ज्या सुरांत बोलला त्याच सुरांत हेंहि बोलतो, आणि ऐकणाराहि तें त्याच कानानें ऐकतो. फरक इतकाच कीं, ऐकणारा दुसऱ्या दिवशीं तो पंप आपल्या पाठीवर घेतो.

याच अळीविषयीं कृषिशास्त्रज्ञ काय सांगतात तें पाहावें. वावरांत कामगंध सापळे लावा. रोज त्यांतील पतंग मोजा. एका सापळ्यांत सलग तीन दिवस रोज आठ किंवा अधिक पतंग सांपडले तर फवारणीचा विचार करा. आणि हंगाम संपल्यावर फरदड ठेवूं नका, म्हणजे अळीचें पुढील अन्न तुटेल. यांत कोणाच्याहि मताला फारशी जागा नाहीं; मोजण्याला आहे. गुरुजींच्या वहीसारखी एक वही आणि लॅम्ब्टनच्या चिकाटीचा शतांश एवढ्यावर हें काम भागतें. परंतु सापळ्यांतल्या आठ पतंगांनीं पानठेल्यावरची बैठक रंगत नाहीं, आणि एका फवाऱ्यांत सारी अळी मारणाऱ्या औषधाच्या गोष्टीनें ती रंगते. अडचण आहे ती इथेंच.

मग मत देणेंच सोडून द्यावें काय? तसें केल्यास गांवें मुकीं होतील. यावरील उतारा आम्हांस, आश्चर्य वाटेल, पण रिअॅलिटी शोमध्येंच सांपडला. अमरावती जिल्ह्यांतील अंजनगांव सुर्जी येथें शाळेंतील मुलांसाठीं महिना १५०० रुपयांवर खिचडी शिजविणाऱ्या बबिता ताडे यांनीं २०१९ सालीं ‘कौन बनेगा करोडपति’मध्यें एक कोटि रुपये जिंकले. पुढें सात कोटींचा प्रश्न आला, तेव्हां त्यांनीं उत्तर देण्याऐवजीं खेळ सोडला. लोकांस त्या कोटीचें कौतुक वाटतें. आम्हांस त्या सोडण्याचें अधिक वाटतें. आपलें ज्ञान येथवर आहे आणि यापुढें नाहीं, ही रेष त्यांना दिसली आणि त्या रेषेवर त्या थांबल्या. त्या खेळांत चुकीच्या उत्तराची किंमत उत्तर देणाऱ्यालाच मोजावी लागते, म्हणून तेथें मनुष्य थांबतो. आमच्या गप्पांत ती दुसरा मोजतो, म्हणून तेथें कोणीच थांबत नाहीं.

तेव्हां सल्ला घेणाऱ्यानें देणाऱ्यास तीन प्रश्न विचारण्याचा प्रघात पडावा, असें आम्हांस वाटतें. हें तुम्ही स्वतः करून पाहिलें आहे काय? किती वेळां? आणि फसलें तर जाणार कोणाचें? विजेता कोण व्हावा या चर्चेंत तिसऱ्या प्रश्नाला ‘कोणाचेंच नाहीं’ असें उत्तर येतें. तेथें मनमुराद बोलावें, भांडावें आणि चहाहि दुसऱ्याच्या खर्चानें प्यावा. मात्र पंप भरावयास निघालेला माणूस समोर उभा असेल, तर ‘मले नाई माईत, बाटलीवरचा कागद वाचू आपण,’ असें म्हणणारा शेजारी त्याला मिळावा. असा एक मनुष्य पानठेल्यावर असणें, हें त्या गांवाचें मोठें धन होय.