दुसरा पाळक

दोर वर ओढून घेतले की कबरस्थानात घटकाभर कोणालाच काही सुचत नाही. पेटी तळाला टेकलेली असते, खणणारे फावड्यावर हात ठेवून उभे असतात, कडेला नगरच्या मुरमाचा ढीग असतो आणि सगळ्यांचे डोळे पाळकाकडे. पहिली मूठ पडेपर्यंतचा हा वेळ मिनिटभराचाही नसेल. माझी सगळी पाळकी त्या मिनिटाशी झगडण्यात गेली. शास्त्रपाठ ठरलेला असतो. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. प्रार्थना पुस्तकात छापलेल्या असतात. त्या मिनिटासाठी मात्र कुठेच काही छापलेलं नाही.

मी तिथे बोलायचो. आदल्या रात्री मयताच्या घरी बसून एखादी बारीकशी गोष्ट टिपून ठेवायचो. म्हातारी वासराच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय झोपत नसे, एवढंच. दुसऱ्या दिवशी कबरीच्या काठावर ते एक वाक्य, हलक्या आवाजात, घाई न करता. हुंदका फुटायचाच. पुढे दुसऱ्या मंडळ्यांतूनही बोलावणी येऊ लागली. "पाळकसाहेब, माती तुमच्याच हातून झाली पाहिजे," असं लोक म्हणायचे. मी संकोचाने मान खाली घालायचो, पण मनातून फार सुखावायचो. जवळच्या पाळकांमध्ये या कामात माझ्या तोडीचा कोणी नाही, असं मी धरूनच चाललो होतो.

मग माझी पत्नी प्रभूमध्ये निजली.

त्या रात्री सगळ्यांत आधी आले ते शेजारच्या तालुक्याचे पाळक, माझे सेमिनरीपासूनचे सोबती. त्यांच्या मागोमाग मुक्तिफौजेचे मेजर. पहाटेच्या सुमारास कॅथलिक फादर आले आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसले. कोणी शास्त्र काढलं नाही. मेजर तेवढे मधूनमधून उठून चुलीवरच्या पाण्याखाली लाकूड सारायचे. ईयोबाच्या मित्रांवर आम्ही पाळक मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कोरडे ओढत आलो आहोत. पण तोंड उघडण्याआधी ते सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते. उपदेशात आम्ही त्यावरून भरभर पुढे जातो. मला विचाराल तर त्या पुस्तकात पाळकाने शिकण्यासारखी पहिली जागा तीच आहे.

दुसऱ्या दिवशी कबरीवर पुस्तक माझ्या सोबत्याच्या हातात होतं. पेटी उतरली, दोर वर आले. त्यांनी पान उघडलं, तिचं नाव घेतलं आणि तिथेच त्यांचा आवाज फुटला. त्यांनी तिच्या हातची भाकरी खाल्लेली. ओठ हलत होते, शब्द येईना. मेजर एक पाऊल पुढे आले, त्यांच्या हातातलं पुस्तक अलगद आपल्याकडे घेतलं, जिथे वाचन थांबलं होतं त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि पुढे वाचू लागले. पान चाळलं नाही, घसा खाकरला नाही, मागची ओळ पुन्हा घेतली नाही. वाचताना डावा हात सोबत्याच्या पाठीवर होता. शेवटची प्रार्थना फादरांनी केली.

एक कबूल करतो. तिच्या कबरीपाशी उभा असतानाही माझा कान हे सगळं जोखत होता. कुठे थांबले, किती थांबले, आवाज कुठल्या अक्षरावर गेला. इतक्या वर्षांची खोड तशा वेळीही सुटली नाही. आणि त्या कानालाच कळलं की आजवर त्या मिनिटात मी जे काही बोललो, त्यातलं काहीही त्या फुटलेल्या आवाजाच्या जवळपाससुद्धा पोचणारं नव्हतं.

माझी अडचण इथूनच सुरू झाली, ती अजून तशीच आहे. फुटलेला आवाज शिकता येत नाही. ठरवून थांबलं तर ते नाटक, आणि कबरीवर आलेल्या म्हातारीला नाटक लगेच ओळखू येतं. काहीच न बोलावं तर नातेवाईक गोंधळतात, पाळक विसरला की काय म्हणून एकमेकांकडे बघतात. फक्त नाव घ्यावं, तर कोणतं? वहीतलं की घरचं? घरचं नाव कबरीवर घेतलं की आई कोसळते. लहान मुलाच्या मातीला तर मी अजूनही वाट हरवल्यासारखा उभा असतो. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या त्या मिनिटाची जुळवाजुळव करतो, सकाळी सगळं टाकून देतो.

एक मात्र बदललं. कबरीवर मी आता एकटा जात नाही. दुसऱ्या पाळकाला बरोबर नेतो आणि पुस्तक त्याच्या हाती देतो. त्याचा आवाज गेला तर मी आहे, माझा गेला तर तो.

या मुलखातली पाळकी एकेकाळी फार एकट्याची होती. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत उतरले आणि 1826 साली नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने गेले. बरोबर होती ती फक्त मिशनच्या शाळेतली पोरं, आणि माती दिली ती त्यांनीच. पुस्तक कोणी धरलं असेल, हा प्रश्न मला हल्ली छळतो. पुढे नगरला 1831 पासून मिशनचं काम उभं राहिलं, मंडळ्या वाढल्या, नंतर दुसरी मिशनं आली आणि गावागावांत ओढाताणही आली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्याचा मला अभिमान आहे. पण ओट्यावरचे फादर आणि चुलीपाशी बसलेले मेजर त्या सहांतले नव्हेत. त्यांना कुठल्याही ठरावाने पाठवलेलं नव्हतं.

हल्लीच्या मातीच्या उपासना मला बघवत नाहीत. पेटीजवळ ध्वनिवर्धक, समोर मोबाइल धरून प्रक्षेपण, पुढाऱ्यांची मनोगतं, आणि तेवढ्यात एखादा प्रचारक दुःखी घराला पश्चात्तापाचं आवाहन करून जातो. स्वतंत्र मंडळ्यांतले तरुण पाळक तर की-बोर्डच्या सुरावर प्रार्थना करतात. मी त्यांच्यावर उघडपणे टीका केली आहे आणि त्यातलं बरंचसं आजही मागे घेणार नाही.

तरी सांगायलाच हवं. तिच्या जाण्यानंतर घर रिकामं झालं, भेटायला येणारे थांबले, तेव्हा रोज संध्याकाळी डबा घेऊन येणारा त्यांच्यातलाच एक होता. वयाने माझ्या मुलाएवढा. डबा ठेवायचा, कालचा धुऊन ठेवलेला उचलायचा, "बाबा, येतो" म्हणायचा. पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिलं की त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, हिवाळ्याच्या आत ये. इतक्या मोठ्या प्रेषिताच्या शेवटच्या पत्रात झग्याची आठवण कशाला, असं मी तरुणपणी विचारायचो. आता त्या पत्रातली तीच ओळ मला सर्वांत जवळची वाटते. तो डबेवाला पोरगा माझ्यासाठी तीमथ्यच.

माझे सोबती येत्या जूनमध्ये निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला जातील. मेजरांची बदली झाली. परवा बाजारतळापलीकडच्या वस्तीत एका म्हाताऱ्या शिक्षकांची माती आहे. मी त्या पोराला निरोप धाडला, की-बोर्ड घरी ठेव, पांढरा सदरा घाल, पुस्तक तुझ्या हाती असेल. तो लगेच सायकल काढून आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "बाबा, दोर वर आल्यावर मी काय म्हणायचं?"

आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. अजून काही ठरलेलं नाही.