टार्नीटची ट्रेन आणि मेलबर्नमधलं घराचं गणित

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात दहा जणांशी बोललं तर दोघांची तरी मुलं, पुतणे, भाचे ऑस्ट्रेलियात असतात. माझा मावसभाऊ तिथं आहे. कंपनीच्या कामानिमित्त २०२५ मध्ये मी सात महिने मेलबर्नमध्ये होतो आणि त्यातले पहिले दोन महिने दादा-वहिनींकडेच राहिलो. परत आल्यापासून इंदूरमधली धाकटी मंडळी दोनच प्रश्न विचारतात: तिथं घरं खरंच इतकी महाग आहेत का? आणि दुसरा, जरा दबकत विचारलेला: ते लोक म्हणतात की आपल्या लोकांमुळे महाग झाली, ते खरं का?

दुसरा प्रश्न हवेतून आलेला नाही. ३१ ऑगस्ट २०२५ ला तिथल्या अनेक शहरांत स्थलांतराविरुद्ध मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचारात भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता. त्या रविवारी वहिनींनी मुलांना बागेत नेलं नाही. म्हणून हा लेख. प्रवासवर्णन आहे, पण समुद्र आणि कांगारूंचं नाही. मी रोज ज्या रेल्वेने ये-जा केली, तिच्या दोन टोकांचं आहे.

ट्रेनचं एक टोक

दादाचं घर टार्नीटला, शहराच्या पश्चिमेला. २०१५ मध्ये इथं स्टेशन झालं. डिझेलवर चालणारी गाडी अर्ध्या तासात सदर्न क्रॉसला, म्हणजे शहराच्या मध्यात पोचवते. सकाळी मात्र बसायला जागा मिळणं म्हणजे नशीब. डब्यात पंजाबी, तेलुगू, गुजराती, हिंदी सगळं ऐकू येतं. अधूनमधून मराठीही.

हा सगळा भाग विंडम नगरपालिकेत येतो. २००१ मध्ये तिची लोकसंख्या ८५ हजारांच्या आसपास होती, २०२१ च्या जनगणनेत ती २ लाख ९० हजारांच्या वर गेली. वस्ती आधी झाली. शाळा, रस्ते आणि बस मागून आल्या, काही अजून यायच्या आहेत. घरं नवी, चार खोल्यांची, पुढे दोन गाड्यांचं गॅरेज. गॅरेज हौसेसाठी नाही. दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढावी लागते. सकाळी स्टेशनच्या पार्किंगपर्यंत पोचायला दादाला कधीकधी ट्रेनच्या प्रवासाइतकाच वेळ लागतो.

लोक इथं येतात, कारण हिशोबात बसणारं घर इथंच मिळतं. दादाने २०२१ मध्ये घेतलं. तेव्हा व्याज अडीच टक्क्यांच्या आत होतं.

दुसरं टोक

शनिवारी मी शहराच्या उत्तरेकडच्या जुन्या वस्त्यांत फिरायचो. कार्लटन, फिट्झरॉय, नॉर्थकोट. ट्रामचे रूळ, मोठी झाडं, लोखंडी नक्षीच्या ओसरीची एकोणिसाव्या शतकातली बैठी घरं. शहराच्या मध्यापासून ट्रामने पंधरा-वीस मिनिटं.

मेलबर्नमध्ये घरांचा लिलाव शनिवारी रस्त्यावरच होतो. सूट घातलेला माणूस घरासमोर उभा राहतो, शेजारी कॉफीचा कप आणि कुत्रा घेऊन बघायला येतात आणि बोली सुरू होते. मी पाहिलेल्या एका लिलावात दोन झोपायच्या खोल्यांचं, न्हाणीघर मागच्या बाजूला असलेलं घर होतं. बोली दहा लाख डॉलरला सुरू झाली. डॉलर तेव्हा ५५ ते ६० रुपयांत होता, म्हणजे साडेपाच कोटींच्या वर. शेवटी उरलेल्या दोन जोडप्यांपैकी एकीचे आईवडील मागे उभे राहून मानेनेच 'हो' म्हणत होते. बोली जिंकणाऱ्याला तिथंच सही करून सहसा दहा टक्के रक्कम भरावी लागते, आणि लिलावात घेतलेल्या घराबाबत विचार बदलायची मुभा नसते. वर व्हिक्टोरिया राज्याची स्टॅम्प ड्युटी. दहा लाखांच्या घरावर ती ५५ हजार डॉलर होते.

सिडनी याहून महाग. तिथं स्वतंत्र घराची मधली किंमत १४ लाख डॉलरच्या वर आहे.

एवढी जमीन, मग टंचाई कसली?

ऑस्ट्रेलिया भारताच्या दुपटीहून मोठा, आणि लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास. पण जवळपास चाळीस टक्के माणसं सिडनी आणि मेलबर्न या दोनच शहरांत राहतात, कारण नोकऱ्या तिथं आहेत. टंचाई जमिनीची नाही. नोकरीजवळच्या, बांधायला परवानगी असलेल्या जमिनीची आहे.

शहराच्या मध्यात तीस-चाळीस मजली इमारती आहेत, टार्नीटसारख्या कडेला बैठी घरं आहेत. मधल्या पट्ट्यात, जिथं ट्राम, शाळा, दवाखाने सगळं आधीपासून आहे, तिथं मात्र आपल्याकडे असतात तशा तीन-चार मजली इमारती फार थोड्या. अनेक गल्ल्यांना वारसा म्हणून संरक्षण आहे. कोणी बांधायचं म्हटलं की पाटी लागते, शेजारी हरकती घेतात, प्रकरण महिनोन्महिने चालतं. गल्लीचं रूप टिकतं आणि तिथं वाढलेल्यांची मुलं पस्तीस किलोमीटर लांब घर शोधतात.

घर की गुंतवणूक?

दुसरं कारण मला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत कागदावर लिहून दाखवलं. तिथं 'निगेटिव्ह गिअरिंग' हा शब्द लहान मुलांनाही माहीत असतो. मी होतो तेव्हाचा नियम असा: समजा पगार वर्षाला दीड लाख डॉलर. तुम्ही दुसरं घर कर्जाने घेऊन भाड्याने दिलं. भाडं आलं २५ हजार. व्याज आणि खर्च झाला ४० हजार. हा १५ हजारांचा तोटा पगारातून वजा होतो. त्या पगाराच्या वरच्या भागावर ३७ टक्के कर असतो, म्हणजे ५,५५० डॉलर कर वाचला. शिवाय घर वर्षभराहून जास्त ठेवून विकलं की नफ्याच्या निम्म्या भागावरच कर. ही सवलत १९९९ पासूनची.

आपल्याकडेही जुन्या करपद्धतीत असा तोटा पगारातून वजा होतो, पण वर्षाला २ लाख रुपयांपर्यंतच. तिथं अशी मर्यादा नव्हती. परिणाम उघड आहे. लिलावात पहिलं घर घेणाऱ्या जोडप्यासमोर, ज्याला तोटाही परवडतो असा माणूस उभा राहतो. सुमारे २२ लाख लोकांकडे गुंतवणुकीची घरं आहेत. २०१९ च्या निवडणुकीत लेबर पक्षाने या सवलती कमी करू असं सांगितलं आणि तो हरला. त्याची कारणं अनेक होती, पण राजकारण्यांनी धडा घेतला: दर तीन कुटुंबांपैकी साधारण दोन स्वतःच्या घरात राहतात, त्यांच्या घराची किंमत उतरेल असं कोणी बोलू नये.

मग आपला वाटा किती?

यावर एक प्रयोग आपोआप होऊन गेला आहे. कोविडमध्ये मार्च २०२० पासून जवळजवळ दोन वर्षं देशाच्या सीमा बंद होत्या. २०२०-२१ मध्ये आलेल्यांपेक्षा गेलेले जास्त होते. आपल्यामुळेच घरं महागत असती तर तेव्हा ती स्वस्त व्हायला हवी होती. झालं उलट: २०२१ या एका वर्षात देशभरातल्या घरांच्या किमती सुमारे २२ टक्क्यांनी वाढल्या. कारण रिझर्व्ह बँकेने व्याजदर ०.१० टक्क्यावर आणला होता, सरकार बांधकामासाठी अनुदान देत होतं आणि घरून काम करणाऱ्यांना एक जादा खोली हवी होती.

पण गोष्ट इथंच थांबवली तर आपण स्वतःलाच फसवू. सीमा उघडल्यावर २०२२-२३ मध्ये निव्वळ पाच लाखांहून जास्त माणसं आली. आल्याआल्या घर कोणी विकत घेत नाही, भाड्याने घेतं. त्यामुळे भाड्यांवर ताण आलाच. शंभरात जेमतेम एक भाड्याचं घर रिकामं अशी अवस्था झाली. दोन महिन्यांनी मी स्वतःसाठी एक खोली-स्वयंपाकघर शोधत होतो, तेव्हा पंधरा मिनिटांच्या पाहणीसाठी वीस-पंचवीस जणांची रांग असायची. अर्जात पगाराची पावती, ओळखपत्रं आणि आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र लागतं. नवख्याकडे ते कुठून येणार? सात अर्ज गेले, आठवा लागला. भाडं आठवड्याचं सांगतात. ते साधं चारने गुणू नका, वर्षात बावन्न आठवडे असतात.

म्हणजे भाडी वाढण्यात नव्याने आलेल्यांचा हात आहे, पण घरांच्या किमतींचं मूळ जुनं आणि घरातलं आहे. एप्रिल २०२५ पासून तर तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला जुनं घर विकत घ्यायला दोन वर्षांची बंदीच आहे. लिलावात दादाचा नवखा सहकारी नसतो, तो भाड्याच्या रांगेत असतो.

बाकीचा खर्च

मे २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या दीड वर्षात व्याजदर तेरा वेळा वाढून ४.३५ टक्क्यांवर गेला. बहुतेक कर्जं बदलत्या दराची असतात. सहा लाख डॉलरचं तीस वर्षांचं कर्ज अडीच टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे २,३७० डॉलर. सव्वासहा टक्क्यांनी तोच ३,६९० होतो. दादाच्या घरात हा फरक वहिनींच्या पगारातून भरला गेला. आणि वहिनी कामावर जायच्या म्हणून धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं, त्याचे दिवसाला दीडशे डॉलर. सरकारी मदत वजा जाता कमी, पण जाणवण्याइतके. किराणा बाजाराचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा वूलवर्थ्स आणि कोल्स या दोन कंपन्यांकडे, त्यामुळे घासाघीस करायला जागा नाही. डाळ-तांदूळ मात्र टार्नीटच्या भारतीय दुकानांत स्वस्त.

सरकारने जुलै २०२४ पासून पाच वर्षांत १२ लाख घरं बांधायचं ठरवलं आहे, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. पहिल्या वर्षी पावणेदोन लाखांच्या आसपास झाली. सामान महागलं, मजूर कमी. २०२३ मध्ये पोर्टर डेव्हिस ही मोठी बांधकाम कंपनी बुडाली आणि सुमारे १७०० कुटुंबांची घरं अर्धवट लटकली.

पाटी

निघायच्या आठवड्यात दादाच्या गल्लीच्या टोकाला एक पाटी लागली: एका मोकळ्या प्लॉटवर नऊ जोडघरांचा प्रस्ताव. संध्याकाळी शेजारचे दोघे हरकतीच्या अर्जावर सह्या घ्यायला आले. पार्किंगची अडचण होईल, गल्लीची शांतता जाईल, भाव पडतील, असं त्यात होतं. दादाने अर्ज ठेवून घेतला. जेवताना वहिनी म्हणाल्या, "त्या नऊतल्या एखाद्या घरात उद्या आपल्या इंदूरचंच कोणी राहायला येईल." दादा म्हणाला, "अगं, पण तीस वर्षं हप्ता मी भरतोय." दोघांचंही खरं होतं. तो अर्ज फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला मी शेवटचा पाहिला, सहीशिवाय.

टार्नीटला राहून चार वर्षंच झालेल्या माणसालाही असा पेच पडतो, तर नॉर्थकोटला चाळीस वर्षं राहिलेल्याला दोष कुठल्या तोंडाने द्यायचा? दोष देऊन घरं बांधली जात नाहीत, मोर्चे काढूनही नाहीत.

जायचं ठरवत असाल तर जरूर जा. काम चांगलं आहे, माणसं बहुतेक मोकळी आहेत. फक्त पगाराचा आकडा रुपयांत गुणण्याआधी त्यातून बावन्न आठवड्यांचं भाडं, पाळणाघर आणि दोन गाड्यांचा खर्च वजा करा. पहिल्या तीन महिन्यांचे पैसे बरोबर ठेवा. कोणी तोंडावर म्हणालं की तुमच्यामुळे घरं महागली, तर भांडू नका आणि मानही खाली घालू नका. २०२१ चा आकडा सांगा आणि मग भाड्याच्या रांगेत त्याच्या मुलाच्या शेजारी उभे राहा. तोही तिथंच असतो.