गंगटोकच्या गॅलरीतले सिंबिडियम

मे महिन्याच्या सुट्टीत गंगटोकला जाणारी मराठी कुटुंबे छांगू तलाव पाहतात, नथू-ला गाठतात, रुमटेकच्या मठात जाऊन येतात आणि महात्मा गांधी मार्गावर लोकरी टोप्यांची खरेदी करून परततात. डोंगरउतारावरच्या घरांच्या गॅलऱ्यांत आणि जिन्याच्या पायऱ्यांवर कुंड्यांत, क्वचित तेलाच्या जुन्या डब्यांतही, हिरवे ठोंब लावलेले असतात. लांब, निमुळत्या पानांचे हे ठोंब दुरून गवती चहासारखे दिसतात. त्यांच्याकडे कोण ढुंकून पाहणार?

हीच मंडळी फेब्रुवारी-मार्चमध्ये गेली, तर त्याच डब्यातून हात-दीड हाताचा दांडा वर आलेला दिसेल. दांड्यावर दहा-पंधरा फुले; पांढरी, पोपटी, गुलाबी, मधाच्या रंगाची. हात लावला तर मेणाची वाटावीत अशी. आणि ती झाडावर महिना-दीड महिना सहज टिकतात!

हे सिंबिडियम. सह्याद्रीतल्या झाडांवर फुलणारी सीतेची वेणी आपल्या ओळखीची आहे. ती जशी ऑर्किड, तसेच हेही. फुलाच्या मधल्या पाकळीचा आकार होडीसारखा, म्हणून होडी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले. ओलोफ स्वार्ट्झ या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ते १७९९ मध्ये दिले. यातल्या कितीतरी जाती मूळच्या पूर्व हिमालयातल्या आणि खासी टेकड्यांतल्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी त्या विलायतेला नेल्या. ईशान्य भारतातले पांढरे इबर्नियम आणि ब्रह्मदेशातले हिरवट लोवियानम यांचा संकर व्हीच यांच्या रोपवाटिकेत १८८९ मध्ये फुलला. सिंबिडियमचा तो पहिला संकर. पुढे संकरांची रीघच लागली. आज गंगटोकच्या गॅलऱ्यांत जी मोठ्या फुलांची सिंबिडियम दिसतात, ती बहुधा अशीच संकरित. म्हणजे माहेरचीच, पण परदेश फिरून आलेली.

ऑर्किड म्हटले की काचेचे घर आणि उबदार हवा, असे चित्र डोळ्यांसमोर येते. सिंबिडियमचे नेमके उलटे आहे. त्याला थंडीच हवी असते. पावसाळा सरत आला आणि रात्रीचे तापमान १० ते १५ अंशांवर उतरू लागले, की कंदाच्या बुडाशी कळीचा दांडा धरतो. गंगटोक सुमारे साडेपाच हजार फुटांवर. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री हे काम आपसूक करून टाकतात. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, हा फरक मिळायला हवा.

दांडा डोकावू लागला की घरच्या बायकांचे डोळे त्याच्याकडे लागतात. नवा धुमारा पानांचा की फुलांचा? चपटा असेल आणि लवकर उलगडला तर पानांचा. गोल, गुबगुबीत, पेन्सिलीसारखा असेल तर फुलांचा. फुलांचा निघाला की त्याला बांबूच्या काडीचा आधार मिळतो आणि कुंडी मग मुळीच फिरवायची नाही. दांडा उजेडाकडे वळतो. कुंडी फिरवली तर बिचारा पुन्हा वळत बसतो आणि वाकडातिकडा होतो. रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई वेचणे हेही ओघाने आलेच. एका रात्रीत त्या महिनाभराची वाट पाहायला लावणारी कळी फस्त करतात.

डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. एवढी थंडी सिंबिडियम सोसते. पण दव गोठू लागले तर कळ्या काळ्या पडतात, म्हणून कुंड्या छपराखाली सरकवल्या जातात, पाणी कमी केले जाते. इथेच नवशिक्याची हमखास चूक होते. झाडाला थंडी वाजत असेल म्हणून तो कळ्यांनी लगडलेली कुंडी उबदार खोलीत आणतो, आणि आठवड्याभरात कळ्या पिवळ्या पडून गळतात. जाणत्या घरांत निम्मी फुले उमलल्याशिवाय कुंडी बैठकीच्या खोलीत येत नाही. मार्च-एप्रिलमधल्या गारांपासून जपायचे ते वेगळेच.

सिक्कीम २०१६ मध्ये संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाले. घरगुती बागेतही शेणखताचे आणि मोहरीच्या पेंडीचे पाणी चालते. पेंड काही दिवस भिजवायची आणि फिक्या चहासारखी पातळ करून घालायची. वास मात्र असा येतो की शेजारी खिडक्या लावून घेतात! कुंडीत निव्वळ माती कधीच नसते. विटांचे तुकडे, कोळसा, झाडाची साल आणि पानांचे खत यांतून पाणी झरझर निघून गेले पाहिजे. पाने गडद हिरवी दिसू लागली तर खूश व्हायचे कारण नाही. ऊन कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. पोपटी पानाचे झाड फुलते.

दोन-तीन वर्षांनी कुंडी भरली की फुले ओसरल्यावर ठोंब विभागतात. एकदा फुललेला कंद सहसा पुन्हा फुलत नाही. त्याच्या शेजारी फुटलेला नवा कंद फुलतो. म्हणून तीन-चार कंद एकत्र ठेवावे लागतात. शेजारणीला एकच कंद दिला तर तिला फुलासाठी दोन-तीन वर्षे थांबावे लागते.

पूर्वी पुष्कळ झाडे जंगलातूनच येत. झाडावरचे ठोंब उतरवून विकण्याने रानातल्या जाती विरळ होत गेल्या. आता रोपवाटिकेतले रोप घेणे हाच योग्य मार्ग. रानातल्या जाती पाहायच्या तर देवराली येथे तिबेटविद्या संस्थेच्या परिसरात ऑर्किडचे उद्यान आहे. पाकयोंगला १९९६ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ऑर्किडचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू केले. मोसमात व्हाइट हॉलजवळच्या पुष्पप्रदर्शन केंद्रातही सिंबिडियमच्या रांगा मांडलेल्या असतात.

हे सारे पाहून आपले पर्यटक हटकून दोन-चार कंद पिशवीत घालतात. मुंबईत ते कंद जगतात, पानेही काढतात, पण फुलत नाहीत. वर्षामागून वर्षे खतपाणी होते आणि दोष रोपवाटिकेला लागतो. पुण्यात जानेवारीत गारठा पडतो खरा; पण कळी धरण्याच्या महिन्यांत तिथल्या रात्री उबदारच असतात.

त्यापेक्षा न उमललेल्या एक-दोन कळ्या टोकाला असलेला फुलांचा दांडाच आणावा. वर्तमानपत्रात गुंडाळून, बुडाशी ओला कापूस बांधला तर बागडोग्रापर्यंतचा जीपचा प्रवास आणि पुढचे विमान तो आरामात सोसतो. घरी आल्यावर बुडाचे टोक तिरके कापायचे, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचे. पंख्याच्या वाऱ्यात ठेवला नाही, तर दोन-तीन आठवडे दिवाणखान्यात गंगटोक नांदते.